बिनरंगाची जिलेबी

“पत्रकारांसमोर मी स्वतः जिलेबी खाणार!” कंपनीचे मालक लोहोकरेसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा शर्वरीला हायसं वाटलं. कंपनीच्या केशरी खाद्यरंगावर सरकार बंदी आणायच्या विचारात होतं, फाटकाशी पालक घोषणा देत होते आणि या सगळ्यांना शांत करायचं काम जनसंपर्क अधिकारी म्हणून तिच्याच गळ्यात पडलं होतं.

मंडपात कढई चढली. हलवायाने पहिला केशरी घाणा पाकातून काढला, कॅमेरे सरसावले, तसे साहेब तिच्या कानाशी लागले.

“मॅडम, माझ्यासाठी तेवढी बिनरंगाची काढायला सांगा.”

“पण साहेब, रंग निर्धोक आहे ना?”

“शंभर टक्के! फक्त आमच्या घरात कुणी खात नाही हो.”

शर्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीच्या वाढदिवसाला याच रंगाच्या जिलेब्या तिने साऱ्या सोसायटीला आग्रह करकरून वाढल्या होत्या. हलवायाकडून तिने साध्या पिठाची एक जिलेबी काढून घेतली आणि स्वतःच्या हाताने व्यासपीठावर नेऊन ठेवली. सगळ्यांच्या ताटल्यांत केशरी जिलेब्या आणि साहेबांच्या ताटलीत पांढरीफटक.

“साहेब, तुमची जिलेबी आजारी आहे का?” पुढच्या रांगेतल्या पत्रकार बाईंनी विचारलं. मंडपात हशा पिकला.

साहेबांनी शर्वरीकडे पाहिलं. आजवर त्यांच्या वतीने तीच उत्तरं देत आली होती. तिने माइक उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“साहेबच सांगतील,” ती म्हणाली आणि खाली उतरून पत्रकारांच्या रांगेत जाऊन बसली.