तांबड्या भेंडीचं बी

"अक्का, हिचं बी धरावं का?" धाकट्या जावेने केवडा रोगाने पिवळ्या पडलेल्या भेंडीची वाळकी शेंग शालनपुढे केली.

सासूबाई गेल्यापासून शालनच्या पोटात दुखत होतं. जाताना त्यांनी आपल्या तांबड्या भेंडीचं बी धाकटीच्या ओटीत घातलं; थोरलीला विचारलंसुद्धा नाही. केवडा पांढऱ्या माशीने पसरतो, बियातून येत नाही, हे शालनला पक्कं ठाऊक होतं.

"बाई बाई, नको! झाडांसकट जाळून टाक," ती कळवळून म्हणाली. धाकटी काडेपेटी आणायला गेली, तेवढ्यात शालनने एक शेंग कमरेला खोचली.

पावसाळ्यात तिच्या गोठ्यामागे रोपं तरारली. आता मिरवायची पाळी तिची होती! गौरीजेवणाच्या सकाळी तांबड्या भेंडीची टोपली घेऊन ती धाकटीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि दारातच थबकली. विळीपाशी परातभर तांबडी भेंडी चिरून ठेवली होती.

"अगं, तू तर जाळलं होतंस ना?"

"झाडं जाळली, अक्का," धाकटी विळीवरून मान वर न करता म्हणाली. "बी ठेवलं. माझ्या भेंडीसाठी तुमचा जीव एवढा कळवळला, तेव्हाच समजलं, बी चांगलं आहे."