दाराची वेगळी तार

मानक मंडळाचा नियम साधा होता. कलमावरचा वाद मिटला नाही, तर प्रस्ताव मांडणारा आणि हरकत घेणारा, दोघांनीही त्या प्रस्तावाप्रमाणे बांधलेल्या छोट्या बंद यानात बसायचं. माइकवर कुणी माघार घेतली, की दार उघडायचं.

तिसरं मिनिट.

“यानाची सगळी सर्किट कार्डं या एका मुख्य पाटीत, बॅकप्लेनमध्ये बसतात. हवा, दार, सगळे हुकूम हिच्यातूनच जातील,” प्रस्ताव मांडणारे पोतनीस म्हणाले. “दाराला वेगळी तार म्हणजे फुकटचं वजन. गद्रेबाई, तुम्हाला वजन कळत नाही.”

“आणि तुम्हाला उष्णता,” शर्वाणी गद्रे म्हणाली.

एकोणिसावं मिनिट. बॅकप्लेन कोमट झाली.

एक्केचाळिसावं मिनिट. बॅकप्लेन तापली आणि हवेचा पंखा थांबला. पोतनिसांनी माइकवर माघार घेतली. दार हललं नाही. ते ओरडले. तरीही नाही.

“तुमची माघारसुद्धा हिच्यातूनच जाते ना,” शर्वाणी म्हणाली. तिने खिशातून तारेचं वेटोळं काढलं. पण दाराच्या मोटरकडे न जाता तिने दाराला वेगळी तार मागणाऱ्या आपल्या कलमाचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

“अहो बाई, आधी दार!”

“आधी सही.”

पोतनीस पेनासाठी खिसे चाचपू लागले. हवा तिलाही तेवढीच उरली होती. तिने घाई केली नाही.