भरतशेठचा धबधबा

"पाऊस लांबला तर तुम्ही काय करता?" हर्षालीने विचारलं. ती पुण्याहून आली होती. हवामान बदलतंय तसा पर्यटनाचा धंदा कसा बदलतो, यावर तिचं संशोधन होतं.

रिसॉर्टचा मालक भरतशेठ हसला आणि त्याने मोटारीचं बटण दाबलं. रिसॉर्टमागच्या कड्यावरून पाणी धो धो कोसळायला लागलं. "बघा मॅडम. पाऊस येवो न येवो, आपला धबधबा चालू."

२००९चा जून निम्मा सरला होता आणि माळशेजच्या डोंगरात टिपूस नव्हता. मढ गावात लोक टँकरमागे धावत होते. अन् हा बाबा पाणी पाडत होता, मुंबईच्या पोरांनी खाली नाचावं म्हणून. पाणी तरी कुठलं? गावच्या विहिरीला खेटून याने बोअर मारलं आणि विहीर आटली. गावचाच माणूस, त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेला. जनाची नाही, मनाची तरी?

फाटकात गलका झाला. गोजरबाई गावातल्या बाया घेऊन आत घुसली. डोक्यावर प्लास्टिकचे हंडे. वॉचमन गुपचूप बाजूला झाला, त्याची आईच त्यांच्यात होती.

"भरत्या, मुडद्या, घरात पोरं पान्यावाचून तडफडत्यात आन् तू हितं पानी नाचवतूस? ह्ये आमच्या हिरीचं पानी हाय. आमी भरनार. बघू कोन आडवतं."

बायांनी पदर खोचले आणि थेट धबधब्याखाली हंडे लावले. भरतशेठचं तोंड उतरलं. तेवढ्यात पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे निघाले. "अय्या, अगदी खरंखुरं खेडं," एक बाई म्हणाली.

भरतशेठ महाचलाख. "मावशे, रोज अकराला येत जा. पानी फुकाट न्या. फकस्त ह्ये प्लास्टिकचं हंडं नकोत, तांब्याचं मी देतो." मग हर्षालीकडे वळून, "लिहा मॅडम, स्थानिक महिलांचा सहभाग." तिने लिहिलं. तिच्या प्रश्नावलीत तसा रकानाच होता.

"तुजं तांबं घाल चुलीत," गोजरबाई म्हणाली आणि भरला हंडा घेऊन ताडताड निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. अकराला बाया आल्या. हंडे तांब्याचे होते. पुढे गोजरबाई, मान खाली घालून. तिने हंडा धबधब्याखाली लावला. एक पाहुणा कॅमेरा सरसावून जवळ आला.

"मावशी, कालच्यासारखं भांडा ना जरा."

हंडा अजून अर्धाच भरला होता.