वाटणीचं पीठ

मनुबाई पिठाची बुट्टी कमरेवर घेऊन गल्लीत शिरली, तेव्हा धोंडुबाई परात घेऊन उंबऱ्यातच उभी होती. शेजारच्या बनुबाईच्या लालासाहेबाची आज हळद. पोरगा एकाहत्तरच्या लढाईत जाऊन आलेला, म्हणून जेवायला सगळं गाव होतं, शिवाय लोणंदचे पाहुणे. एवढ्या भाकऱ्या एका चुलीवर होत नाहीत. बनुबाईची जाऊ मनुबाई घरटी पीठ वाटत होती. ज्या त्या बाईनं आपल्या घरी भाकऱ्या करून मांडवात आणून द्यायच्या.

साळूबाईच्या परातीत पीठ पडलं. लीलाबाईच्या पडलं. मग मनुबाई धोंडुबाईच्या दारावरून पुढं गेली आणि जाता जाता हसून म्हणाली, "तुमी निस्तं जेवायला या, पाव्हणीबाई. लवकर या बरं का."

धोंडुबाईनं परात भिंतीला आपटली.

त्यांचं डोंगरातलं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आणि गेल्या साली ती आणि तिचा नवरा आकाराम पलूसजवळच्या ह्या गावात राहायला आली. गाव चांगलं होतं. फारच चांगलं होतं. पहिल्या दिवशी चूल मांडायच्या आत शेजारपाजारची ताटं आली होती. छप्पर घालायला माणसं न बोलावता आली. पण विहिरीवर गेली की बायका तिला रहाटाला हात लावू देत नसत. बारशाला गेली की तिच्यासाठी घोंगडं अंथरत. बाकीच्या बायका मागच्या परड्यात भांडी घासत हसायच्या, आणि ते हसणं कशाचं हे हिला कधी कळायचं नाही. एकदा तिनं गावाकडून आणलेली वरी वाटीभर बनुबाईला नेऊन दिली, तर संध्याकाळी वाटी गुळानं भरून परत आली.

"जाऊ दे की," आकाराम आतून म्हणाला. "मानानं बसवत्यात. दुसरीकडं धरणवाल्यास्नी दारात उभं करत न्हाईत."

"मानानं बसून बसून बुडाला घट्टं पडलं माज्या," ती म्हणाली आणि परात घेऊन बाहेर पडली.

मांडवात बनुबाई हळद कालवत होती. तिला बघून हसली. "या, या. बसा. साळे, चा टाक गं ह्यास्नी."

"चा नको. पीठ द्या."

"आवं, तुमी कशाला तरास घेतासा?"

"घरटी पीठ दिलं न्हवं? मग माजं घर गल्लीत न्हाई व्हय?" धोंडुबाईचा आवाज चढला. लसूण सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. "वरीस झालं, बसा म्हंतासा आन् मी बसतीया. पाव्हण्याला चार दिसांनी परत जायला घर असतंय, बनुबाई. माज्या घरावर पाणी हाय."

बनुबाईनं तिच्याकडं बघितलं. मग हळदीचे हात तसेच पिठाच्या पोत्यात घालून तिनं परात शीगभर भरली आणि पुढं सरकवली.

घरी येऊन धोंडुबाईनं तवा ठेवला. तिचे हात नाचणीच्या भाकरीचे. शाळूचं, ज्वारीचं पीठ तिला ऐकेना. पातळ थापली की भाकरी मधोमध फाटायची, जाड ठेवली की आत कच्ची राहायची. आकाराम चुलीत जळण सारत बसला होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "लीलाबाईस्नी हाक मारू का?"

"माराल तर बघा."

तिनं फाटलेलं पीठ पुन्हा मळलं, पुन्हा थापलं, पुन्हा फाटलं. शेवटी जशा झाल्या तशा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, मांडवात नेल्या आणि कुणाचं लक्ष नाही बघून टोपल्यात सगळ्यांच्या भाकऱ्यांखाली सारल्या.

दुपारी पंगत बसली. वाढता वाढता टोपल्याचा तळ आला. बनुबाईचा धाकटा भाऊ कोंडीबा लोणंदहून आला होता. त्यानं पानातली भाकरी उचलून सगळ्यांना दाखवली.

"आगं आक्का, ही भाकरी हाय का घरावरचं कौल? कुणी थापली म्हनायची?"

पंगत हसली. धोंडुबाई मांडवाच्या मेढीआड उभी होती. तिथंच तिचे कान तापले.

"ते न्हवं का," मनुबाई सावरून घ्यायला पुढं झाली, "त्या आमच्या धरणाच्या पाव्हण्या..."

"आमच्या गल्लीतली हाय," बनुबाई आमटीची बादली घेऊन येत म्हणाली. "तुजं दात पडलं का रं कोंड्या? आमटीत बुडीव आन् गिळ."

आता पंगत कोंडीबाला हसली. बनुबाई तशीच मेढीपाशी आली.

"आन् तू गं," ती धोंडुबाईला म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात गोडवा नव्हता. "शाळूची भाकरी येत न्हवती तर तोंडानं सांगाय काय झालं? भांडाय बरी आलीस तरातरा. माज्या म्हायेरच्या मानसांत नाक कापलंस."

धोंडुबाई काही बोलायच्या आत तिनं बादली तिच्या हातात दिली.

"धर. तिकडं वाढ आदी. सांडलीस तर बघ."

बादलीची कडी चटका देत होती. धोंडुबाईनं पदर खोचला आणि ती पंगतीत शिरली. मागं बनुबाईची बडबड चालूच होती.