अंतिम स्वच्छता

तुल्लिओला शेगडी साफ करता येत नाही, असं सरकारी समितीने ठरवलं. शिक्का मारला आणि समिती जेवायला बसली.

हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सकाळी तुल्लिओ शेगडीपुढे गुडघे टेकून ती साफच करत होता.

जुन्या दगडी चुलाण्याच्या पोटात बसवलेली लोखंडी शेगडी. काचेचं दार, वर भुशाच्या गोळ्या ओतायचा डबा. तुल्लिओ आधी तळहात टेकवून ती गार झाल्याची खात्री करी. मग जळणाची वाटी बाहेर काढून तिची भोकं विणायच्या सुईने मोकळी करी. राखेचा खण कोबीच्या वाफ्यात रिकामा करी. शेवटी वर्तमानपत्राचा ओला बोळा उरलेल्या राखेत बुडवून काच पुसायची, तीही मृत्युलेखांच्या पानाने. त्या पानावर शाई कमी आणि ओळखीचे लोक जास्त, असं त्याचं म्हणणं.

मुलगी नीवेस आणि जावई लोरिस वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हाच ठरलं होतं. बाबांना शेगडी सांभाळता येते तोवर बाबा घरात. नाही जमलं, तर खाली गावातला वृद्धाश्रम. "विस्तवाशी खेळ नको," लोरिस म्हणाला होता आणि सिगारेट पेटवली होती.

अलीकडे शेगडी ऐकेनाशी झाली होती. झकास पेटायची, आणि नीवेस जिना उतरायच्या सुमाराला मान टाकायची. दारावरच्या चमकत्या पट्टीवर अक्षरं उमटायची : अंतिम स्वच्छता.

"बाबा, साफ नाही केलीत का?"

"आत्ताच केली."

"आत्ताच म्हणजे काल."

"अगं, हाताला राख आहे बघ."

"तीही कालचीच असेल. आंघोळ तरी करता का?"

मग तुल्लिओ पुन्हा साफ करी. दुपारी पुन्हा. वाटी इतकी चकचकू लागली की लोरिसने एकदा तिच्यात ऑलिव्ह वाढून घेतले. शेगडी तरीही विझे. हळूहळू तुल्लिओला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपण पँट घातली आहे ना, हेसुद्धा तो खाली वाकून बघू लागला.

त्या सकाळी मात्र काच पुसून तो तिथेच बसून राहिला. शेगडी पेटली. पट्टीच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लुकलुकला. मग ज्वाळा खाली बसली.

तो दिवा त्याला माहीत होता. शेगडी बसवली त्या दिवशी लोरिसने फुशारकी मारली होती. "फोनवरून हुकूम आला की हा दिवा लुकलुकतो, बाबा. दुकानात बसून पेटवायची, दुकानात बसून विझवायची."

तुल्लिओला इतका आनंद झाला की त्याने भल्या सकाळी पेलाभर ग्राप्पा दारू ओतून घेतली. तो म्हातारचळला नव्हता. जावई हरामखोर निघाला, एवढंच.

नीवेस खाली आली. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दार लावून घेतलं, आवाज खाली आणला.

"पोरी, मन घट्ट कर. तुझा नवरा फोनवरून शेगडी विझवतो. मला वेडा ठरवायला."

नीवेसने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. त्यावर शेगडीचं चित्र होतं.

"लोरिसला ते कधी जमलंच नाही, बाबा. मीच विझवते."

तुल्लिओ चित्राकडे बघत राहिला.

"तुमची खोली स्कीवाल्यांना भाड्याने द्यायची आहे," ती म्हणाली. "खिडकीत डोंगर, पुढ्यात ज्वाळा. लोक त्याचेच पैसे मोजतात." मग तिने त्याचा पेला उचलून हुंगला. "सकाळी सकाळी? आता हेही सांगावं लागणार समितीला."

समिती आली. "माझी मुलगी लांबूनच विस्तव विझवते," असं तुल्लिओने सांगितलं. समितीतल्या डॉक्टरांनी ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. इतकं नेमकं लक्षण त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. तेवढ्यात शेगडी विझली. पट्टीवर अंतिम स्वच्छता उमटलं. नीवेसने डोळे पुसले. मग शिक्का, मग जेवण. नीवेसने बटाटा-चीजचा खरपूस फ्रिको केला होता आणि तो उत्तम झाला होता.

बर्फ पडलं तसे पाहुणे आले. शेगडी कोणीच साफ केली नाही. मग लोरिसने केली. गरम राख त्याने झाडूयंत्राने ओढली आणि झाडूयंत्र पेटलं. वाटीची भोकं बुजली, काच काळी ठिक्कर झाली. आम्ही ज्वाळेचे पैसे दिले होते, फळ्याचे नाही, असं पाहुण्यांनी कळवलं.

वृद्धाश्रमाच्या संचालिकाबाई एका दुपारी तुल्लिओच्या खोलीत आल्या. हातात कागद होता.

"आजोबा, तुमच्या मुलीचा अर्ज आलाय. दर शनिवारी तुम्हाला घरी पाठवा म्हणते. शेगडी साफ करायला." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण शेगडी साफ करता येत नाही म्हणूनच तुम्ही इथे आहात ना?"

तुल्लिओने खाली वाकून बघितलं. पँट होती.

"हो बाई," तो म्हणाला. "मला नाही येत. एक कागद द्या. माझाही एक अर्ज आहे."

त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं :

'माननीय संचालिका यांस. अर्जदाराची मुलगी नीवेस हिने वयाची ऐंशी वर्षे पूर्ण करताच तिला याच खोलीत दाखल करून घेण्यात यावे. खोलीत शेगडी बसवण्यात यावी. ती साफ करण्याचे काम तिच्याकडे आणि फोन अर्जदाराकडे देण्यात यावा. तिला सध्या एकोणपन्नासावे चालू आहे. अर्जदार थांबण्यास तयार आहे.'