दोनदाकाकांच्या बाजूने

कल्पना करा, मुलांनो, की शाळेचा शेवटचा तास मोकळा आहे आणि तुम्ही भिंगरीच्या मागे धावताय. धाप लागेल, पण थांबू नका. एका जागी ती कधी ठरत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. आज चार वाजायच्या आत तिला एक माणूस हवाय. कोणीही चालेल. फक्त मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन त्याने दोनदाकाकांच्या बाजूने एक वाक्य बोलायचं.

दोनदाकाका म्हणजे शाळेचे राखणदार. प्रत्येक कडी ते दोनदा ओढून बघतात. प्रत्येक नळ दोनदा पिळतात. मुलं म्हणतात, काका शिंकतातसुद्धा दोनदा.

आणि सोमवारी सकाळी मैदानामागचा सशांचा पिंजरा सताड उघडा सापडला. पाच सशांपैकी दोन झुडपात मिळाले. एकाला कुत्र्याने धरलं होतं. उरलेल्या दोघांचा पत्ताच नव्हता.

शनिवारची शेवटची फेरी काकांची. म्हणजे चूकही काकांची, असं ठरून गेलं. बावीस वर्षांची नोकरी राहणार की जाणार, ते मोठ्या बाई आज चार वाजता सांगणार होत्या.

विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होते.

"सर, काका कडी लावायला विसरले असतील, असं तुम्हाला वाटतं?"

"छे! तो माणूस झोपेतसुद्धा कडी लावेल. माझा शंभर टक्के विश्वास आहे त्याच्यावर."

"मग चला ना, बाईंना तेवढंच सांगा."

सरांनी नळी उजेडात धरली. ती स्वच्छ होती, तरी त्यांनी ती पुन्हा घासायला घेतली. "अगं, विश्वास वेगळा, पुरावा वेगळा. मी काय तिथे होतो का?"

भिंगरी वळली आणि ग्रंथालयाकडे पळाली.

ग्रंथालयातल्या ताईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "किती भला माणूस गं! कालपासून मला जेवण गोड लागत नाहीये."

"मग येता माझ्याबरोबर?"

"मी इथे नवीन आहे, बाळा. पण मनाने मी त्यांच्याबरोबरच आहे."

"बाईंच्या खोलीत मनाने कसं जाणार, ताई?"

ताईंनी डोळे पुसले आणि पुस्तकांवर शिक्के मारायला घेतले.

साडेतीन वाजले. पाण्याच्या टाकीमागे भिंगरीची मैत्रीण एकटीच बसली होती. एकाच बाकावर बसून दोघींनी तीन इयत्ता काढल्या होत्या.

"तू शनिवारी तिथे होतीस," भिंगरी म्हणाली. "काय झालं ते तू पाहिलंस. सांगून टाक ना बाईंना."

"मी शपथ घेतलीय. कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाही."

"शपथ मोठी की काका मोठे?"

मैत्रीण तिच्याकडे बघतच राहिली. "हे तू मला विचारतेस?"

"मग कोणाला विचारू? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीयेस नुसती! भित्री कुठली!"

मैत्रिणीचा चेहरा पडला. ती उठली, दप्तर पाठीला लावलं आणि मागे न बघता निघून गेली.

सगळ्यांना काका आवडतात. सगळ्यांना ते निर्दोष वाटतात. आणि सगळ्यांनी मिळून केसाने त्यांचा गळा कापला होता.

मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर काका बाकावर बसले होते. सदरा इस्त्रीचा होता. समोर नकाशांचं कपाट होतं. ते उठले, कपाटाची कडी दोनदा ओढून पाहिली आणि येऊन बसले. मग पुन्हा उठले.

"आता तिसऱ्यांदा बघावं लागतं," ते ओशाळं हसले. "हाताचा भरवसा वाटत नाही."

"काका, तुम्ही कडी लावली होतीत."

"मलाही तसंच वाटायचं. पण इतकी शिकलेली माणसं म्हणतात, म्हणजे राहिली असेल. वय झालं. तो ससा माझ्यामुळेच गेला, पोरी. आता आत जाऊन तसं कबूल करतो. उगाच वाद नको."

"नका ना कबूल करू!"

"दुसरं काय करू? बाजूने बोलायला कोणी आलं का?" काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू एकटी धावत होतीस. इथून खिडकीतून दिसत होतीस. तू नसतीस ना, तर वाटलं असतं, बावीस वर्षांत आपण एकही माणूस जोडला नाही."

भिंगरी चटका बसल्यासारखी मागे सरकली.

चार वाजले. आतून हाक आली, "राखणदारांना पाठवा."

काका सदरा सारखा करत उभे राहिले.

"थांबा, काका. आधी मी."

तासभर धावून तिने वाक्यं जमवली होती. काका किती नेकीने वागतात, सरांचा त्यांच्यावर किती विश्वास आहे, ताईंना किती वाईट वाटतंय. आत गेल्यावर तिने दार लावलं नाही. काकांना ऐकू जावं म्हणून उघडंच ठेवलं.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं? काकांची बाजू घ्यायला आलीस?"

"नाही, बाई," भिंगरी म्हणाली. "काकांची फेरी झाल्यावर पिंजरा मी उघडला होता."