चवीपुरतं मीठ

तंबाखूच्या वखारीत पंचवीस वर्षं काढून निपाणीच्या कोंडाबाईचं नाक कायमचंच चोंदलं होतं. बेळगावात कॉलेजवर शिकवणारी तिची लेक समता सुट्टीला आली होती. तिनं पेलाभर पाणी उकळलं, निववलं आणि मोजून अर्धा चमचा मीठ घातलं. वखारीतून येऊन टेकलेल्या कोंडाबाईनं ते चाखलं आणि "सप्पक हाय" म्हणत वर चिमूटभर मीठ टाकलं. समतानं ते ओतून दिलं, पुन्हा केलं. आईनं पुन्हा बोट बुडवलं.

"आई, नाकात घालायचंय हे. आमटी न्हाय. किती येळा सांगू?"

तिसऱ्या खेपेला समतानं पेला हातातून सोडलाच नाही. आईला वाकवून, दटावून तिनं एकेका नाकपुडीत पाणी सोडलं. कोंडाबाई शिंकली, खोकली, लेकीच्या नावानं ओरडली आणि मग कितीतरी वर्षांनी तिनं नाकानं लांब श्वास घेतला. तोंड पुसायला घेतलेला पदर तिनं तसाच नाकाशी धरून ठेवला.

"समे, तंबाखूचा एवढा वास मारतोय व्हय गं माझ्या लुगड्याला?"

"आजचा हाय का त्यो? पहिल्यापास्नं येतोय," समता वैतागून म्हणाली.

कोंडाबाईनं पदर नाकापासून खाली घेतला.

"शाळंत मला येऊ नको म्हनायचीस," ती म्हणाली. "बरं करत हुतीस."